लायबा होडेकरची सही

लायबा लहानपणापासून भित्री. तिची आई सकिना हे चारचौघांत सांगते आणि लायबाही ते नाकारत नाही. विजेला भ्यायची, कुत्र्याला भ्यायची, वर्गात उभं राहून धडा वाचायची वेळ आली की तिच्या तळहातांना घाम सुटायचा. पण सगळ्यात जास्त भीती पाण्याची, आणि घर नेमकं जयगड खाडीच्या काठावर. दारातून उतरलं की धक्का.

तिचे वडील वजीर होडेकर हे तांडेल. मासेमारीची बोट त्यांच्या शब्दावर चालते. लायबा आठ वर्षांची असताना त्यांची बोट खाडीच्या तोंडाशी उलटली. बातमी आली तेव्हा संध्याकाळ होती. वजीर परत आले ते दुसऱ्या दिवशी दुपारी, कुणा दुसऱ्याचा शर्ट घालून, ओठ मिठाने फुटलेले. तोवर लायबा धक्क्यावरून हलली नव्हती. त्यानंतर ती घोट्याच्या वर पाण्यात कधी उतरली नाही आणि बोटीत तर तिने पायच ठेवला नाही.

खेळात ती आली ते भावामुळे. मुझम्मिल गावच्या क्रिकेट टीममध्ये होता. लायबा बाउंड्रीच्या बाहेर चिंचेखाली बसायची आणि धावा लिहायची. चेंडू अंगावर येईल म्हणून ती कधी मैदानात गेली नाही, पण तिच्या वहीत चूक सापडत नसे. दोन गावांत भांडण झालं की दोन्हीकडचे लोक तिची वही मागायचे. मुझम्मिल पुढे कुवेतला गेला. बारावीनंतर लायबाने रत्नागिरीच्या एका कॉलेजात क्रीडा व्यवस्थापनाच्या पदवीला नाव घातलं.

"खेळाचं मॅनेजमेंट म्हंजे काय गो?" वजीरने विचारलं. "ढाली पुसायच्या?"

"स्पर्धा भरवायच्या, अब्बा. मैदान, पंच, डॉक्टर, प्रेक्षक, सगळं बघायचं. खेळणाऱ्याने फक्त खेळायचं."

"म्हंजे बाकीचा घोर तुला."

"हां. तसंच."

वजीर हसले. घोर करण्यात पोरीचा हात कोण धरणार, हे त्यांना ठाऊक होतं.

वर्गात चौदा जण होते, त्यात मुली दोन, लायबा आणि लांज्याची नम्रता. बाकीचे बहुतेक स्वतः खेळाडू. कुणी कबड्डीतला, कुणी खो-खोतला. लायबा पहिलं वर्षभर शेवटच्या बाकावर बसली. दुसऱ्या वर्षी योगिनी साळवी मॅडमनी एक काम दिलं. तालुका पातळीवरची कबड्डी स्पर्धा आहे असं समजा आणि काय काय बिघडू शकतं त्याची यादी करा. मुलांनी सहा-सात गोष्टी लिहिल्या. लायबाने एक्केचाळीस लिहिल्या. मॅट भिजणं, जनरेटर बंद पडणं, चुरशीच्या चढाईला लोक दोरी तोडून आत घुसणं, प्रेक्षकांच्या लाकडी गॅलरीचा एक खांब मऊ जमिनीत खचणं. यादी वाचून दाखवताना तिचा आवाज इतका कापत होता की मागची मुलं हसली. मॅडम हसल्या नाहीत.

"खांब कसा सुचला तुला?" त्यांनी विचारलं.

"मला तिथे बसायची भीती वाटली असती, मॅडम."

तिसऱ्या वर्षी प्रत्येकाला एका खऱ्या स्पर्धेत काम करून त्याचा अहवाल द्यायचा होता. शंभर मार्कांचा विषय, आणि मार्कांत आयोजकांच्या शेऱ्याचाही वाटा. मुंबईच्या एका इव्हेंट कंपनीने त्या जानेवारीत खाडीत पोहण्याची स्पर्धा जाहीर केली होती, आणि ती लायबाच्या गावच्या बाजूला, मोठी जहाजं जिथे येत नाहीत अशा आतल्या पट्ट्यात. कंपनीचे गुरुप्रसाद तेंडोलकर कॉलेजात आले. चाळिशीचे, हसतमुख, सगळ्यांना नावाने हाक मारणारे. "इथलीच मुलगी आहे? मग हीच पाहिजे," ते म्हणाले. लायबा नाही म्हणणार होती. पण नाही म्हणायलाही तिला भीती वाटली.

तिला काम मिळालं मोजणीचं. पोहणाऱ्याच्या दंडावर नंबर, डोक्यावर त्याच नंबरची रबरी टोपी. मोठ्यांना पिवळी, मुलांना नारिंगी. उतरताना एका फाटकातून मोजायचे, बाहेर येताना दुसऱ्या. आराखडा लिहिताना लायबाने त्यात एक नियम घातला. पाणी, बोटी आणि डॉक्टर बघून मोजणी प्रमुखाने कागदावर सही केल्याशिवाय झेंडा उचलायचा नाही.

"वा, हे मस्त," गुरुप्रसाद म्हणाले, आणि मोजणी प्रमुख म्हणून तिचंच नाव लिहिलं.

त्यानंतर तीन आठवडे ती धड जेवली नाही. भरती-ओहोटीचा तक्ता तिने तीन ठिकाणांहून काढला. दिवस अमावास्येच्या लगतचा होता, म्हणजे उधाणाचा. पूर्ण भरती अकरा वीसला. त्यानंतर पाणी फिरणार आणि साडेबारानंतर खाडीच्या तोंडाकडे जोरात ओढणार. म्हणून मोठ्यांची तीन किलोमीटरची शर्यत पावणेदहाला आणि मुलांची पाचशे मीटरची पावणेअकराला ठेवली. साडेअकराला सगळे बाहेर. घरी वजीरने तक्ता पाहिला आणि मान हलवली. बचावाच्या चार बोटींत एक त्यांची होती.

"अकरापतूर ठीक. फुडे मी कोणाला पाण्यात घालणार नाय."

स्पर्धेच्या सकाळी पायऱ्यापायऱ्यांनी पाण्यात उतरणाऱ्या दगडी फरशीवर दोनशे माणसं होती. सेहेचाळीस मोठे, अठ्ठावीस मुलं, बाकी आईबाप आणि गावकरी. झेंडा हातात घेऊन हरिश्चंद्र काका बसले होते. ते शाळेतले निवृत्त पीटी शिक्षक, पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी. पावणेदहा वाजले. उद्घाटनाचे पाहुणे आले नव्हते. साडेदहा झाले. पोहणारे उन्हात अंग चोळत उभे होते. गुरुप्रसाद फोन कानाला लावून फिरत होते, "निघालेत, निघालेत" म्हणत.

अकरा दहाला पाहुण्यांची गाडी आली. मग हार, मग नारळ, मग भाषण. लायबा घड्याळ बघत होती.  अकरा तीसला तिचा फोन वाजला. बोटीतून वजीर बोलत होते.

"पाणी फिरलं गो. सुकती लागली. आता नको सोडू."

"सांगते, अब्बा."

ती गुरुप्रसादांकडे गेली. ते स्टेजमागे बॅज वाटत होते.

"सर, ओहोटी सुरू झाली. आजची शर्यत..."

"अगं, दहा मिनिटांनी काय खाडी आटते का?" ते हसून म्हणाले. आवाज गोड होता पण डोळे हसत नव्हते. "लायबा, ही माणसं कुठून कुठून आलीत बघ. पाहुणे झेंड्याला थांबलेत. तुझ्या एका सहीसाठी अडवू सगळ्यांना? पेन आहे ना?"

तिच्याकडे पेन होतं. आजूबाजूला पाच-सहा माणसं तिच्याकडे बघायला लागली होती. त्या क्षणी तिला पाण्यापेक्षा त्या माणसांची भीती जास्त वाटली. तिने कागद गुडघ्यावर धरला आणि सही केली. अकरा चाळीसला झेंडा वर गेला आणि सेहेचाळीस पिवळ्या टोप्या पाण्यात उतरल्या.

शर्यत खाडीत आत जाऊन तरंगत्या खुणेला वळसा घालून परत यायची होती. जाताना काही कळलं नाही. परतताना पाण्याने सगळ्यांना मागून ढकललं. पहिला पोहणारा अपेक्षेपेक्षा सहा मिनिटं आधी आला. मग दुसरा, तिसरा. "काय टायमिंग दिलंय!" म्हणून गुरुप्रसाद माईकवर टाळ्या मागत होते. लायबा टाळ्या वाजवत नव्हती. माणसं फरशीला लागताना तिरकी येत होती. हात मारायचे किनाऱ्याकडे आणि जायची खाली तोंडाकडे. दोघांना दोरी टाकून ओढावं लागलं.

बारा पन्नासला बाहेरच्या फाटकावरून नम्रता धावत आली.

"माझे पंचेचाळीस."

"पुन्हा मोज."

"तीनदा मोजलेत. एकतीस नंबर नाही."

लायबाने यादी पाहिली. एकतीस, रितेश, वय एकोणीस, कोल्हापूर. कागदावरची अक्षरं हलायला लागली. तिला वाटलं आपल्याला चक्कर येणार, आणि मग वाटलं चक्कर आली तर बरं होईल, दुसरं कुणीतरी बघेल. चक्कर आली नाही. तिने वॉकीटॉकीवर चारही बोटींना नंबर सांगितला. आवाज बारीक निघाला, तिने पुन्हा सांगितला. नम्रताला तिने कपडे बदलायच्या तंबूत पाठवलं, स्वतः चहाच्या टपरीवर, मग गाड्यांच्या रांगेत गेली. काही वेळा पोहणारा मधेच बाहेर येतो आणि न सांगता निघून जातो. तसंच झालेलं असू दे, असं ती तोंडातल्या तोंडात म्हणत होती. या अल्लाह, तो कुठेतरी वडापाव खात असू दे.

गाड्यांजवळ एक बाई टॉवेल घेऊन उभ्या होत्या.

"ताई, एकतीस नंबर कधी येणार ओ?" त्यांनी विचारलं. "माझा मुलगा आहे. मागच्या खेपेला तलावात तो दहाव्या नंबरात आला होता. आज लई वेळ झाला."

लायबाने हातातली यादी पाठीमागे नेली. बाईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि टॉवेल छातीशी धरला.

"काय झालं?"

"बोटी शोधतायत, काकू."

त्या बाई ओरडल्या नाहीत. त्या फरशीवर खाली जाऊन पाण्याच्या कडेला उभ्या राहिल्या, चपला भिजत होत्या तरी. लायबा त्यांच्यामागे उभी राहिली. पाणी फरशीच्या दोन पायऱ्या खाली गेलं होतं. त्यावरून शेवाळ, एक नारळाची झावळी, कुणाचा तरी प्लास्टिकचा कप, सगळं एकाच दिशेने घाईत चाललं होतं. ते बघत असताना लायबाच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. अब्बांनी सांगितलं होतं. मला माहीत होतं. सही माझी आहे.

गुरुप्रसाद आले, घामाने शर्ट ओला. "कुणाला काही बोलू नकोस आत्ता," ते हळू आवाजात म्हणाले. "माईकवर नाही, फोनवर नाही." मग ते सुद्धा पाण्याकडे बघत उभे राहिले.

एक पस्तीसला वॉकीटॉकी खरखरला. वजीरचा आवाज होता.

"गावला. जित्ता हाय."

खाडीच्या तोंडाजवळ मच्छिमारांनी जाळी बांधायला रोवलेले खुंट आहेत. रितेश त्यातल्या एकाला मिठी मारून होता. पाण्याने त्याला फरशीच्या समोरून खाली नेलं, तेव्हा त्याने हात वर केला होता, पण सगळ्यांचं लक्ष पहिल्या नंबरावर होतं. खुंटाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांनी त्याची छाती आणि मांड्या चिरल्या होत्या. बोटीतून उतरवलं तेव्हा त्याचे दात वाजत होते आणि खुंटाची मिठी सोडवल्यावरही हात तसेच वाकलेले होते. आईने त्याला टॉवेलात घेतलं. डॉक्टरांनी रुग्णवाहिकेत झोपवलं. लायबा रुग्णवाहिकेच्या दाराशी गेली, त्याची पिवळी टोपी अजून डोक्यावर होती, ती बघून यादीत एकतीससमोर तिने खूण केली. तेवढं झाल्यावर ती गाडीच्या मागे जाऊन ओकली.

तोंड पुसून ती परत आली तेव्हा माईकवर गुरुप्रसाद बोलत होते. सगळे सुखरूप आहेत, काळजीचं कारण नाही, आता छोट्या दोस्तांची शर्यत.

लायबाला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. अठ्ठावीस मुलं, दहा ते चौदा वर्षांची, नारिंगी टोप्या घालून रांगेत उभी होती. काही सकाळी आठपासून उपाशी. त्यांचे आईबाप कावलेले. "आमची पोरं सांगलीहून आलीत, पाण्याला हात न लावता परत न्यायची का?" एक गृहस्थ म्हणत होते. गुरुप्रसादांनी लायबापुढे दुसरा कागद धरला.

"पाचशे मीटर फक्त. काठाकाठाने. दहा मिनिटांत आटोपतं. सही कर."

"सर, नको."

"काय?"

"नको, सर. पाणी..."

"सापडला ना तो?" ते दातओठ खात म्हणाले. "तुझे शंभर मार्क कुणाच्या हातात आहेत, ठाऊक आहे? कर सही."

लायबाने कागद हातात घेतला नाही.   सही केली नाही तर हे दुसऱ्या कुणाला तरी करायला लावतील, एवढं तिला समजत होतं. भाषण देऊन आईबापांना समजावणं तिच्याने झालं नसतं. तिने इकडे तिकडे पाहिलं. नोंदणीच्या टेबलाखाली टोप्या आणलेलं रिकामं पोतं पडलं होतं. तिने ते उचललं आणि रांगेच्या पहिल्या मुलीकडे गेली.

"टोपी दे."

"का ताई?"

"दे गो लवकर."

मुलीने दिली. दुसऱ्याने दिली. मुलं टेबलावरच्या ताईचं ऐकतात. एक, दोन, तीन करत ती रांगेतून गेली. मोठ्यांना वाटलं नंबर बदलायचे असतील. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. मग ती पोतं घेऊन फरशी उतरायला लागली.

"ए! कुठे चाललीस?" मागून गुरुप्रसाद ओरडले.

ती धावली. पळायला दुसरी जागाच नव्हती. वर रस्त्याकडे माणसं, खाली पाणी. वजीरची बोट अजून फरशीला टेकून होती. रितेशला उतरवून ते दोर आवरत होते. त्यांनी पाहिलं, आपली पोर गुडघाभर पाण्यातून, पोतं छातीशी धरून, तोंड पांढरंफट करून येतेय. बारा वर्षांत ती या बोटीला शिवली नव्हती.  त्यांनी काखेत हात घालून तिला आत ओढलं आणि इंजिन सुरू केलं.

"खय जायचा?"

"कुठेच नको. मधे थांबा. काठाला लावू नका, अब्बा, लावू नका."

बोट खाडीच्या मधे जाऊन नांगरावर थांबली. ओहोटीच्या ओढीने ती नांगराच्या दोरावर थरथरत होती. लायबा जाळ्यांच्या ढिगात आडवी पडली, एका हाताने पोतं, एका हाताने फळीची कड धरून. डोळे मिटले तर बोट जास्त हलल्यासारखी वाटायची, उघडले तर आभाळ हलायचं. फळीच्या पलीकडे वीतभर अंतरावर पाणी घासत जात होतं आणि तो आवाज तिला कानात नव्हे, दातांत ऐकू येत होता. काठावरून कर्ण्यातून तिचं नाव घेत होते. टोप्या परत कर. पोलिसांत देऊ. वजीरने तिच्या अंगावर आपली गोणपाटाची घडी टाकली आणि पाठ काठाकडे करून बसले.

काठावर काय झालं ते तिला नंतर नम्रताने सांगितलं. गुरुप्रसाद हरिश्चंद्र काकांना म्हणाले, टोप्यांशिवाय सोडू, दंडावर नंबर आहेतच. काकांनी झेंडा गुंडाळला.

"टोपी नाही, सही नाही. मी झेंडा उचलत नाही."

"काका, तुम्हीसुद्धा?"

"सकाळीच उचलायला नको होता," काका म्हणाले आणि खुर्चीवर बसले.

तीन वाजता पाणी इतकं उतरलं की फरशीपुढे गुडघाभर चिखल दिसायला लागला. लोक शिव्या देत गेले. तेव्हा वजीरने बोट गावच्या धक्क्याला लावली. सकिनाने लायबाला हाताला धरून घरात नेलं.

चार दिवसांनी कॉलेजात कंपनीचं पत्र आलं. विद्यार्थिनीने साहित्य पळवून स्पर्धा उधळली, कंपनीची बदनामी केली, अशी तक्रार होती. चौकशी समिती बसली. तारीख दहा दिवसांनंतरची. ते दहा दिवस लायबाला त्या बोटीपेक्षा कठीण गेले. रोज सकाळी जाग आली की आधी ते पत्र आठवायचं. नावावर डाग लागला तर पदवीही जाईल, तिला कुणी कामाला ठेवणार नाही. आणि त्याच्याखाली दुसरी भीती होती, जी ती कुणाला सांगत नव्हती.

समितीच्या आदल्या दिवशी योगिनी मॅडमनी तिचं निवेदन वाचायला मागितलं. दोन पानं होती. पहिल्या पानावर टोप्यांचा उल्लेखही नव्हता. मोठ्यांच्या शर्यतीआधी तिला बोटीवरून फोन आला होता, पाणी फिरलंय हे तिला कळलं होतं, तरी तिने सही केली आणि त्यामुळे एकतीस नंबरचा जीव धोक्यात आला, असं तिने वेळेसकट लिहिलं होतं.

मॅडमनी चष्मा काढला.

"हे तुला कुणी विचारलेलं नाही. तक्रार टोप्यांची आहे, आणि त्यात तू बरोबर होतीस. मी तुझ्या बाजूने बोलणार आहे. हे पान दिलंस तर मला बोलता येणार नाही. अहवालाचे मार्क जातील."

"माहीत आहे, मॅडम."

"मग?"

"मॅडम, लोक मला शाबास म्हणतायत. मुलांना वाचवलं म्हणून. तेव्हा मला जास्त भीती वाटते. कधीतरी कुणीतरी तो कागद काढेल आणि त्यावर माझी सही असेल."

 मॅडमनी दोन्ही पानं स्टेपल करून दिली.

समितीने टोप्यांबद्दल तिला दोष दिला नाही. सहीबद्दल दिला. तिचा तो विषय रद्द झाला, पुढच्या सत्रात दुसऱ्या स्पर्धेत काम करून तो पुन्हा द्यायचा असं ठरलं. वर्गातल्या तेरा जणांना उन्हाळ्यात पदवी मिळाली, लायबाला सहा महिने उशिरा. कंपनीचं पुढे काय झालं ते कॉलेजला कळलं नाही.

घरी तिने सांगितलं तेव्हा वजीर ओसरीवर जाळं विणत होते. हातातली सुई थांबली.

"मी पण बोट लावलीच ना गो," ते म्हणाले. "सांगितलं आणि लावली. लावायला नको होती." एवढं बोलून ते पुन्हा विणायला लागले.

रितेशचा नंबर नोंदणीच्या यादीत होता. मार्च संपता संपता लायबाने तो तीन वेळा लावून तोडला. शेवटी त्याने स्वतःच परत फोन केला.

"कोण बोलतंय?"

तिने नाव सांगितलं. सहीचं सांगितलं. ठरवून, न थांबता, पाठ केल्यासारखं. 

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला.

"हो."

"मला वाटत होतं मीच कमी पडलो. आईला पण तेच सांगितलं. दोन महिने तलावावर गेलो नाही."

"तू कमी पडला नाहीस. पाणी फिरलं होतं."

"बरं," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "सांगितलंत ते बरं केलंत. पण मी तुम्हाला ठीक आहे असं म्हणणार नाही."

"नको म्हणू," लायबा म्हणाली. फोन ठेवल्यावर ती पायरीवर बसून रडली. का ते तिला नीट सांगता आलं नाही.

आता ती रत्नागिरीतल्या एका क्रीडा संस्थेत काम करते. धावण्याच्या शर्यती, शाळांच्या स्पर्धा, वर्षातून एकदा सायकलींची फेरी. पाण्यातल्या स्पर्धेचं काम अजून तिच्या वाट्याला आलेलं नाही, आणि येऊ नये असं तिला वाटतं. भीती कमी झाली का, असं नम्रताने परवा विचारलं. नाही झाली. प्रत्येक स्पर्धेच्या आदल्या दिवशी ती जेवत नाही.

गेल्या डिसेंबरात आरे-वारेच्या रस्त्यावर दहा किलोमीटरची धाव होती. साडेतीनशे माणसं रेषेवर, संगीत वाजतंय, संस्थेचे अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. सगळं तयार होतं. फक्त घाटाच्या वळणावर उभी करायची रुग्णवाहिका अजून पोचली नव्हती. चालक डिझेल भरायला गेला होता.

"सुटू दे, तोवर येईल तो," अध्यक्ष म्हणाले.

"नाही, सर," लायबा म्हणाली.  तिने कागद दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"किती वेळ?"

"माहीत नाही, सर. वळणावर पोचला असा त्याचा फोन येईपर्यंत."

माणसं कुरकुरली. कुणीतरी शिट्टी मारली. अध्यक्ष तोंड फिरवून उभे राहिले. लायबा रेषेच्या कडेला उभी होती, सगळ्यांच्या नजरा अंगावर घेत. नऊ मिनिटांनी फोन आला. तिने सही केली आणि बाजूला झाली, आणि साडेतीनशे माणसं तिच्या अंगावरून वारं घालत निघून गेली.